ओले पोते

देवळापाशी दुसरी चूल पेटली तेव्हा सीनियम्माळ अंगणात बसून छोटे कांदे सोलत होती. धूर आधी तिच्या नणंदेला दिसला.

"वहिनी, पेटवली बघ त्यांनी," पेची म्हणाली. "वेगळी चूल. आपल्या नाकासमोर."

सीनियम्माळने मान वर केली नाही. डाव्या हाताची दोन बोटे तिने तरुणपणीच फटाक्यांच्या कारखान्यात घालवली होती. उरलेल्या आठ बोटांनी ती दहा बोटांच्या बायांना मागे टाकीत असे. आज मात्र हात चालत नव्हता.

गावात एक रिवाज होता, तिच्या सासऱ्याच्या वेळच्या मोठ्या स्फोटापासूनचा. कारखान्यात एका दिवशी जितके जीव जातील त्यांच्या सोळाव्या दिवसाचे जेवण एकाच चुलीवर करायचे. दोन घरे असोत की वीस, सगळ्यांचा तांदूळ एका हंड्यात शिजायचा. शिवकाशीच्या आसपासची सगळी गावे फटाक्यांची दारू कुटून जगतात, पण हा रिवाज याच गावाचा. त्याचा गावाला अभिमान होता.

गेल्या पंधरवड्यात, शनिवारी सकाळी, अकरा नंबरची खोली उडाली. भुईनळ्यांची दारू तिथे मिसळत. सीनियम्माळचा धाकटा मुलगा थंगपळम, घरातला थंगम, आत होता, तो गेला. शेजारच्या खोलीत वाती लावणाऱ्या तीन बाया गेल्या. तिघी याच गल्लीतल्या. मग कारखान्याचा मॅनेजर पोलिसांसमोर म्हणाला की दारू मिसळणाऱ्यानेच हलगर्जी केली. दिवसाची उरलेली दारू संध्याकाळी खड्ड्यात नेऊन जाळायची असते. थंगपळमने ती खोलीतच ठेवली.

तेव्हापासून त्या तीन घरांनी सीनियम्माळच्या दाराकडे बघणे सोडले होते. ज्याने आमच्या बाया मारल्या त्याच्या हंड्यात आमचा तांदूळ पडणार नाही, असा निरोप काल आला होता. आज सोळावा.

"आपण किती माणसांचं शिजवतोय?" पेचीने हंड्यात डोकावत विचारले. "ऐंशी! आणि जेवायला तू, मी नि सुनेचा भाऊ गुरुनाथन. मला डॉक्टरने वडा खाऊ नको म्हणून सांगितलंय."

"वन्सं, गप बसा जरा."

"बसते. पण मी काय म्हणते, उद्या वेयिलमुत्तूची मॅनेजरच्या कागदावर सही होऊ दे. म्हणजे हे मिटलं. लोक आज रागात आहेत, आडी महिना, आषाढ, येईपर्यंत विसरतील."

वेयिलमुत्तू हा सीनियम्माळचा थोरला. त्याच कारखान्यात फोरमन. कागदावर त्याने सही करायची होती की दारू माझ्या धाकट्या भावाने ठेवली आणि मला ठाऊक नव्हते. फोरमनने सही केली की चौकशी संपणार होती.

घरातून आवाज चढले. सीनियम्माळ उठून आत गेली. तिची धाकटी सून शेंबगम भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा भाऊ गुरुनाथन हातात पितळी ताट घेऊन समोर. ताटात माहेरची नवी साडी होती आणि पांढऱ्या कापडाचे मुंडासे. सोळाव्या दिवशी माहेरचा भाऊ विधवेला साडी देतो आणि गेलेल्याच्या वारसाला मुंडासे बांधतो. थंगपळमला एकच मुलगी, सहा वर्षांची. म्हणून मुंडासे थोरल्या भावाच्या डोक्याला.

"घेत नाही म्हणते," गुरुनाथन म्हणाला. कोविलपट्टीला लॉरी चालवणारा हा माणूस रस्त्यावर कुणाला भीत नसे, पण बहिणीसमोर ताट पुढे करून मागे घेत होता. "आत्या, तुम्हीच सांगा. मी पहाटे उठून गाडी हाणत आलो, ती काय हे ताट परत न्यायला?"

"साडी घेईन," शेंबगम म्हणाली. "पण मोठ्या भाऊजींना मुंडासं बांधू देणार नाही."

"का गं?" दारातून पेचीने विचारले. "त्याच्याइतकं कुणी केलं तुझ्यासाठी? सोळा दिवस झोपलाय का तो?"

"नसेलच झोपला." शेंबगम सासूकडे बघत होती, पेचीकडे नाही. "आत्याबाई, त्या शुक्रवारी पोरीला ताप होता. हे तीन वाजताच घरी आले. तुम्ही नातीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतात, ते पायाशी बसले होते. आठवतं?"

सीनियम्माळला आठवत होते. थंगपळम पोरीच्या तळव्यांना फुंकर घालत होता आणि पोर तापातही हसत होती.

"उरलेली दारू पाच वाजता निघते," शेंबगम म्हणाली. "पाचला हे इथे होते. मग खोलीत कुणी ठेवली? यांच्या नि फोरमनशिवाय त्या खोलीला हात लावायची परवानगी कुणाला आहे?"

गुरुनाथनने ताट खाली ठेवले.

"सोळा दिवस मी वाट बघितली," ती म्हणाली. "म्हटलं, ते आपल्या तोंडाने सांगतील. सख्खा भाऊ आहे."

"अगं पण आता बोलून माणूस परत येणार आहे का?" पेचीचा आवाज खाली आला होता. "त्याला तीन पोरं. तो आत गेला तर दोन्ही घरं उघडी पडतील. गेलेल्याला आता काय कमी, काय जास्त?"

"नाव कमी, आत्या," गुरुनाथन म्हणाला. "माझ्या भाचीला उद्या शाळेत काय म्हणतील?"

"तू लॉरी चालव. शाळेचं मला नको सांगूस."

सीनियम्माळ मागल्या दाराने बाहेर पडली.

वेयिलमुत्तू विहिरीवर होता. विधीसाठी डोक्यावर पाणी घेऊन तो काठावर तसाच बसला होता. त्याच्या मिशा पंधरा दिवसांत पांढऱ्या झाल्या होत्या. आई आली तसा तो उभा राहिला.

"कुणी ठेवली?" तिने विचारले.

त्याने ओला पंचा खांद्यावर ओढला. मग म्हणाला, "मी."

"का?"

"ड्रममध्ये पाव भाग उरली होती. बायांची बस हॉर्न मारत होती. खड्डा पार कुंपणापाशी. म्हटलं सकाळी थंगम येईल, तोच आल्या आल्या जाळेल. त्याच्या पोरीला ताप, त्याला परत कशाला बोलवा. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता तर नियम मोडला असता." तो कडवट हसला. "नियम मोडू नये म्हणून ठेवली, आई. आणि सकाळी मी गेटवर हजेरी घेत बसलो. तो माझ्याआधी खोलीत पोचला."

"उघडी ठेवलीस?"

"उघडी कशी ठेवीन? ओलं पोतं टाकलं वरून. चांगलं भिजवून, पिळून. तू शिकवलंस तसं."

सीनियम्माळ विहिरीच्या काठावर बसली.

चाळीस वर्षे तिने हेच शिकवले होते. उरलेल्या दारूवर ओले पोते. दोन्ही मुलांना, सुनांना, गल्लीतल्या प्रत्येक पोरीला, जी पहिल्या दिवशी कारखान्यात जायला घाबरायची. तिच्या काळात दारू काळी होती. कोळसा, गंधक, सोरा. काळी दारू ओली झाली की मरते. हातात घेऊन खेळावी इतकी मरते.

"पांढरी होती ना?" तिने विचारले. "चांदीची पूड घातलेली?"

चांदीची म्हणजे अॅल्युमिनियमची. कारखान्यात सगळे तिला चांदीच म्हणत.

"पांढरी." वेयिलमुत्तूने पंच्याने तोंड पुसले. "पोंगलनंतर कंपनीने एक रसायनवाला पाठवला होता. त्याने आम्हा फोरमन लोकांना सांगितलं. पांढऱ्या दारूला पाणी लागलं तर ती आतल्या आत तापते. वरून कळत नाही. तासन् तास तापत राहते आणि मग हलवली की संपलं. मी ऐकलं होतं, आई. मान डोलावली होती. पण त्या संध्याकाळी हाताने जे यायचं तेच केलं."

"आणि बायांना सांगितलं होतंस का ते?"

"नाही. त्याने आम्हाला चहा पाजला, आम्ही ऐकलं, उठलो."

वरच्या माडांत कावळे ओरडत होते. सीनियम्माळने आपला थोटा पंजा मांडीवर ठेवला आणि त्याकडे बघितले. या हाताने तिने किती पोती भिजवून दाखवली असतील? बघ गं, अशी पिळायची, पाणी ठिबकता कामा नये. पोरी हसायच्या. मावशीचं पोतं म्हणायच्या.

ती उठली आणि पदर खोचून गल्लीकडे चालू लागली.

"आई, कुठे निघालीस? विधी व्हायचाय. आज उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नसतो."

"वहिनी!" अंगणातून पेची ओरडली. "सोळाव्याच्या दिवशी आई घराबाहेर? लोक काय म्हणतील?"

"लोकांनाच विचारायला चालले आहे," सीनियम्माळ म्हणाली.

देवळाच्या कडुलिंबाखाली तिन्ही घरांची माणसे बसली होती. हंडा लहान होता. राक्कम्माळ झारा घेऊन उभी होती. तिची धाकटी मुलगी मुनीश्वरी गेलेल्या तिघींपैकी एक होती. बावीस वर्षांची. लग्न ठरलेले. सीनियम्माळ आणि राक्कम्माळ एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आल्या होत्या आणि तीस वर्षे त्यांनी एका बाकावर बसून वाती वळल्या होत्या.

"आलीस?" राक्कम्माळ म्हणाली. "ऐंशी माणसांचं शिजवलंयस म्हणे. आता गायीला घाल."

"राक्कू, माझं ऐक."

"पोराच्या वतीने माफी मागायला आली असशील तर परत जा. मेलेल्याला मी शिवी देत नाही. पण माफीही देत नाही."

"थंगमने दारू ठेवली नाही."

बसलेली माणसे उठून उभी राहिली.

"पोतं माझं होतं," सीनियम्माळ म्हणाली. "ओलं पोतं टाकायचं मी शिकवलं. तुलाही मीच शिकवलं. पांढरी दारू ओल्या पोत्याखाली तापते. त्या पोत्यानेच चौघं मारली. शिवी द्यायची तर मला दे."

"काय बोलतेस तू? दारू ठेवली कुणी ते सांग ना."

"मी ठेवली, मावशी."

वेयिलमुत्तू मागे येऊन उभा होता. अंगावर ओला पंचा, डोके उघडे. त्याच्यामागे गुरुनाथन, शेंबगम, आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकणारी पेची.

"आईचं ऐकू नका," तो म्हणाला. "तिने शिकवलं ते काळ्या दारूचं, ते बरोबरच होतं. पांढरीचं मला सांगितलेलं होतं. थंगम त्या दिवशी तीनलाच घरी गेला. पाव ड्रम दारू मी ठेवली, पोतं मी टाकलं. सोळा दिवस मी गप्प बसलो आणि भावाच्या नावावर पाप जाऊ दिलं. उद्या मी कागदावर सही करणार नाही. आज पोलिसांत जाऊन हेच सांगणार आहे."

एका मेलेल्या बाईचा नवरा पुढे झाला आणि त्याने वेयिलमुत्तूच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. वेयिलमुत्तू पडला, उठला, पुन्हा तिथेच उभा राहिला. त्या माणसाने दुसऱ्यांदा हात उचलला, पण तो खाली आला तेव्हा त्यात जोर नव्हता. गुरुनाथनने त्याला धरून बाजूला बसवले.

राक्कम्माळच्या हातातला झारा हंड्यावर टेकला होता. ती रडत नव्हती. ती काहीतरी जुळवीत होती.

"थांब," ती म्हणाली. "ओल्या पोत्यानेच म्हणता?"

"हो, मावशी."

"पोन्नू!" तिने मागे वळून हाक मारली. "पोन्नुताई, इकडे ये. तू काल उरलेल्या दारूचं काय केलंस?"

पोन्नुताई ही राक्कम्माळची थोरली मुलगी, ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या कारखान्यात दारू मिसळणारी. ती पुढे आली.

"काल शनिवार," ती म्हणाली. "बस लवकर लागली. अर्धा ड्रम उरली होती. पांढरी." तिने सीनियम्माळकडे बघितले. "मी ओलं पोतं टाकलंय, मावशी. आम्ही सगळ्याच टाकतो. उद्या सकाळी सहाला मीच जाऊन उघडणार होते."

वेयिलमुत्तूचा चेहरा बदलला. पंधरा दिवस जो माणूस स्वतःच्या सावलीला घाबरून चालत होता तो नाहीसा झाला आणि फोरमन उभा राहिला.

"किती नंबरची खोली? आज तिथे कोण आहे?"

"सात नंबर. वॉचमन असतो. आणि रविवारी दुपारी त्याची बायको डबा घेऊन येते, सातच्या ओट्यावरच बसतात, सावली असते म्हणून."

"फोन लाव. लाव लवकर!"

शेंबगमने पोन्नुताईच्या हातातून फोन घेतला, नंबर विचारला, लावला आणि वेयिलमुत्तूच्या कानाला धरला.

"कुठे बसलायस?" वेयिलमुत्तू ओरडला. "ऊठ! डबा राहू दे तिथेच. बायकोला घे आणि गेटबाहेर पळ. नाही, दार उघडायचं नाही. पाणी मारायचं नाही! एक थेंब नाही! अरे मी कोण ते सोड, अकरा नंबरचा फोरमन आहे मी, आता कळलं? पळ!"

मग त्याने आगीच्या बंबाला फोन केला, मग पोन्नुताईच्या फोरमनला. त्या फोरमनने आधी शिव्या दिल्या आणि मग ऐकून घेतले. मग तो पोन्नुताईच्या बरोबरीच्या बायांची नावे विचारीत गेला, कुठल्या खोलीत, किती, कधी. गुरुनाथनने मोटारसायकल काढली आणि शेजारच्या दोन गावांत सांगायला गेला. ज्याने मगाशी धक्का दिला होता तोच माणूस त्याच्या मागे बसला. त्याला त्या गावांतली घरे ठाऊक होती.

कुणाला जेवण आठवले नाही. दोन्ही चुली आपसूक विझल्या.

दुपारी दोनच्या सुमारास ओढ्यापलीकडे, ताडांच्या वर, एक बारीक पांढरा धूर दिसला. आगीच्या बंबातली माणसे तोवर पोचून कुंपणाबाहेर उभी होती. मग धप्प असा आवाज आला. देवळाची घंटा आपोआप किणकिणली. लिंबाचा पाला खाली पडला. बायांनी एकमेकींचे दंड धरले आणि कुणीच ओरडले नाही. या गावाला तो आवाज ओळखावा लागत नाही.

शेंबगमच्या हातातला फोन वाजला. तिने तो कानाला लावला आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सात नंबर गेली," ती म्हणाली. "आत कुणी नव्हतं. वॉचमनची बायको रडतेय. तिचा पितळी डबा गेला म्हणून."

पहिले हसू पेचीला फुटले. तिने पदर तोंडाला लावला, पण ते थांबेना, आणि मग ती रडायला लागली. पोन्नुताई खाली बसली. राक्कम्माळ तिच्याजवळ गेली, तिचे डोके आपल्या पोटाशी धरले आणि तिच्या केसांतून हात फिरवीत राहिली, जसा तापातल्या पोराच्या केसांतून फिरवतात.

मग राक्कम्माळ सीनियम्माळला म्हणाली, "मुनीश्वरीचं मी विसरणार नाही. तुझ्या थोरल्याला मी माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"पण थंगमला मी जे बोलले, ते मागे घेते. त्याच्या पोरीला सांग." तिने आपल्या हंड्याकडे बघितले. "भात थंड झालाय. तुझं सांबार आहे का ऊन?"

"आहे."

"मग आण इकडे. नको, आम्हीच येतो. तुझं अंगण मोठं आहे."

त्या दिवशी ऐंशीच्या वर माणसे जेवली. शेंबगमने भावाच्या हातून नवी साडी घेतली, आत जाऊन नेसून आली आणि सगळ्यांत आधी राक्कम्माळच्या पानावर वाढले. मुंडासे ताटातच राहिले. वेयिलमुत्तूने त्याकडे बघितलेही नाही आणि कुणी आग्रह केला नाही. पेची मात्र वडे वाढता वाढता म्हणाली, "पोरीला नवरा मिळेल तेव्हा जावयाला बांधा. सोळा वर्षं टिकतं कापड."

चार वाजता गुरुनाथनने मोटारसायकल दाराशी आणली. पोलीस स्टेशन गावापासून नऊ किलोमीटर. वेयिलमुत्तूने स्वच्छ वेष्टी नेसली, पोरांना जवळ घेतले, आईच्या पाया पडला. सीनियम्माळने त्याच्या पाठीवर आपला पुरा, पाच बोटांचा हात ठेवला. "खरं तेवढंच सांग," ती म्हणाली. "स्वतःला जास्त शिव्या घालू नकोस. त्यांना तेवढा वेळ नसतो."

तो उंबऱ्यावर आला, पण पुढे जाता येईना. दारात बाया उभ्या होत्या. पंधरा, वीस, मागून आणखी येत होत्या. शेजारच्या गावांतूनही, गुरुनाथनने सांगितलेल्या.

"फोरमन, एक सांगून जा," पोन्नुताई म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज ठीक होता. "पाऊस पडला आणि खोली गळली तर? तेव्हा काय करायचं?"

"बाहेर पडायचं आणि मला... आणि तुमच्या फोरमनला बोलवायचं. हात लावायचा नाही."

"आणि हाताला घाम आला तर? चैत्र-वैशाखात येतोच."

"ते विचार बरं," मागची एक म्हणाली. "आमच्या खोलीला तर पंखाच नाही."

"आणि त्या रसायनवाल्याने आणखी काय सांगितलं होतं?" तिसरीने विचारले. "सगळं सांग. चहा पिऊन विसरला असशील तर आठव."

वेयिलमुत्तूने गुरुनाथनकडे बघितले. गुरुनाथनने मोटारसायकल बंद केली आणि स्टँडवर लावली.

"पोलीस स्टेशन कुठे जात नाही," तो म्हणाला.

सीनियम्माळने ओट्यावरचे तांदळाचे रिकामे पोते उचलून आत टाकले आणि जागा केली. वेयिलमुत्तू ओट्यावर बसला. बाया खाली अंगणात बसल्या, दाटीवाटीने, आणि सीनियम्माळही त्यांच्यात, पहिल्या रांगेत, राक्कम्माळच्या शेजारी बसली.

"घामाचं आधी सांग," ती म्हणाली. "मलाही ते ठाऊक नाही."